सीमा आली तेव्हा आम्ही घरीच होतो

पुतण्यानं विमानतळावरून घरी नेलंच नाही. "काका, आधी पूल. झोप नंतर," म्हणत त्यानं गाडी सरळ कोरोनाडोच्या पुलावर घातली. पूल आहेच तसा. निळा, भलंमोठं वळण घेत सॅन डिएगोच्या उपसागरावरून पलीकडे उतरणारा, जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आणि इतका उंच की खालून नौदलाची जहाजं आरामात जातात. पलीकडे कोरोनाडो. म्हणजे पांढरी वाळू, सव्वाशेहून जास्त वर्षांचं लाकडी राजेशाही हॉटेल आणि ज्यांची किंमत विचारण्याचंही धाडस होऊ नये अशी घरं. पुतण्या पुलाचे आकडे असे सांगत होता, जणू त्यानंच तो बांधला.

पुलावर चढताना मला क्षणभर खाली काहीतरी लाल-पिवळं झळकल्यासारखं वाटलं. एका खांबावर चेहरा होता. निदान मला तसा भास झाला.

"खाली काय आहे रे?"

"कुठे?"

"पूल सुरू होतो तिथे."

"ते होय? काही नाही, पुलाखालची वस्ती."

सहा वर्षं तो या गावात राहतो. सुटीच्या दिवशी बायको-मुलीला घेऊन याच पुलावरून समुद्रावर जातो. पण खाली कधी उतरला नव्हता. त्याला दोष देत नाही. पूल बांधतातच त्यासाठी, खाली उतरावं लागू नये म्हणून.

चार दिवसांनी झोप ताळ्यावर आली, तेव्हा मी एकटाच ट्रॉलीनं निघालो. ट्रॉली म्हणजे रस्त्याच्या पातळीवरून धावणारी छोटी आगगाडी. मार्गाचं नाव ब्लू लाईन आणि गाडी लालभडक. हीच गाडी शेवटी मेक्सिकोच्या सीमेवर नेऊन सोडते, त्यामुळे डब्यात इंग्रजीपेक्षा स्पॅनिशच जास्त ऐकू येत होती. समोर रंगाचे डाग पडलेल्या बुटांत एक गवंडी गाढ झोपला होता. बॅरियो लोगन नावाच्या स्थानकावर उतरलो, दोन चौक चाललो आणि पुलाखाली जाऊन उभा राहिलो.

आमच्या बेळगावच्या किल्ल्यात कमलबसदी आहे. लहानपणी उन्हातून धावत आत शिरलं की आधी तो गारवा लागायचा, मग डोळे सरावले की एकेक खांब पुढे यायचा. इथे तेच झालं. वर कॅलिफोर्नियाचं पांढरं ऊन, खाली पुलाची सावली आणि त्या सावलीत ओळीनं उभे प्रचंड सिमेंटचे खांब, वर हात पसरून पूल तोलून धरणारे. पायापासून माथ्यापर्यंत एकही खांब कोरा नव्हता. पिसांचा साप वेटोळं सोडत वर चढला होता. कुठे मक्याची कणसं, कुठे कवट्या. मोठ्या टोपीचा मिशाळ मेक्सिकन क्रांतिकारक सापाटा, पोटाशी मूल धरलेली बाई, काळा कोनदार गरुड, फावडी घेतलेले हात. एका बाजूला पिरॅमिडच्या धाटणीचा, पायऱ्या-पायऱ्यांचा लाल-निळा चौथरा. आणि डोक्यावर अखंड धडक-धडक, पुलाच्या सांध्यांवरून जाणाऱ्या गाड्यांची. त्यात कुठेतरी माझ्या पुतण्याचीही गाडी जात असणार.

मी मान वर करून एवढा वेळ उभा होतो की कुणीतरी हसलं. सत्तरीला टेकलेली एक बाई हातात पाण्याची नळी घेऊन निवडुंग आणि घायपातीची झाडं भिजवत होती. पांढरी वेणी, काळा टी-शर्ट, पायात पुरुषी बूट.

"मान दुखेल, सेन्योर," ती इंग्रजीत म्हणाली. "आम्हाला सवय आहे. कुठून आलात?"

"इंडिया."

"तसं नाही. इंडियात कुठून?"

हा प्रश्न परदेशात कुणी विचारत नाही. विचारलाच तर मुंबईजवळ म्हणून सुटका करून घ्यायची, ही माझी रीत. बेळगाव कुठल्या राज्यात, तिथे मराठी का बोलतात, मग कन्नड का येतं, हे कोण कुणाला सांगत बसणार? "ते जरा लांबलचक आहे," मी म्हणालो.

"माझंही," ती म्हणाली आणि नळी बंद करून आली.

पुढचे तीन तास तिनं मला खांबांतून फिरवलं. तिचं नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलं. इथे नावं खांबांवर लिहायची असतात, असं तिचं म्हणणं.

लोगन हाइट्स ही पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची एक मोठी, जुनी मेक्सिकन वस्ती. माशांच्या कारखान्यांत आणि जहाजांच्या गोदीत राबणारी माणसं, अंगणात लिंबाची आणि अंजिराची झाडं, उतारावरून खाली पळत गेलं की उपसागर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलानं आणि गोद्यांनी किनारा घेतला आणि पोरांचं पाणी तुटलं. पन्नासच्या दशकात नगरपालिकेनं वस्तीचे नियम बदलले आणि घरांच्या शेजारी गाड्या मोडणाऱ्या भंगारवाल्यांना मुभा मिळाली. भंगाराच्या या आवाराला इथे 'योंके' म्हणतात. इंग्रजी शब्द स्पॅनिशच्या गिरणीतून दळून काढलेला. १९६३ साली पाच नंबरचा महामार्ग वस्तीच्या मधोमध आला. १९६९ साली हा पूल. दोन्हींनी मिळून हजारो माणसं हलवली. देवळाला, शाळेला, मामाच्या घराला जाणारा रस्ता तुटला आणि अंगणांच्या जागी सिमेंटचे हे खांब उगवले.

लोकांचं मागणं एवढंच होतं की घरं घेतलीत, निदान पुलाखालची जागा बागेला द्या. आश्वासन मिळालंही होतं. २२ एप्रिल १९७० च्या सकाळी मारिओ सोलिस नावाच्या कॉलेजातल्या पोरानं तिथे बुलडोझर पाहिले. काय चाललंय म्हणून विचारलं. उत्तर मिळालं, महामार्ग पोलिसांचं ठाणं होणार. पोरगा धावत सुटला. कॉलेजात, घराघरांत जाऊन सांगत सुटला.

"मी चौदा वर्षांची होते," बाई म्हणाल्या. (इथून पुढे त्यांना 'ती' म्हणवेना.) "आम्ही सगळ्या मुली शाळेतून बाहेर पडलो. शिक्षिका अडवत होत्या. आम्ही गेलो. येऊन बघते तर माझी आजी आधीच इथे, घरची कुदळ घेऊन."

माणसांनी हातात हात घालून बुलडोझरभोवती साखळी केली. मशीन बंद पडली. मग जे झालं ते मला सगळ्यात आवडलं. कुणी नुसतं बसून घोषणा देत राहिलं नाही. लोकांनी खणायला सुरुवात केली. निवडुंग लावले, झाडं लावली, फुलझाडं लावली. एका पठ्ठ्यानं बुलडोझर ताब्यात घेऊन बागेसाठी जमीन सपाट करून दिली, ज्या यंत्राला अडवायला आले त्याच यंत्रानं! बायकांनी तमालेंची पातेली आणली. तमाले म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेलं सारणाचं पीठ, आपल्या पातोळ्यांचं तिखट भावंड. बारा दिवस हे चाललं. शेवटी राज्य सरकारनं आणि नगरपालिकेनं जमिनीची अदलाबदल करून जागा सोडली. योगायोग असा, की अमेरिकेतला पहिला वसुंधरा दिनही त्याच दिवशी, २२ एप्रिल १९७० ला साजरा झाला. देशभर लोक झाडं आणि माती यांवर भाषणं ऐकत होते आणि इथे ही माणसं अटकेची तयारी ठेवून खड्डे खणत होती.

खांब रंगवायची कल्पना साल्वादोर तोरेस या चित्रकाराची. याच वस्तीत वाढलेला, कला शिकून परत आलेला. लोकांना हे खांब राक्षसांचे पाय दिसत होते, त्याला भिंती दिसल्या. १९७३ साली रंग लागायला लागला. पहिल्या दिवसांत येईल त्याच्या हातात ब्रश दिला गेला. पोरं, म्हातारे, दारुडे, चित्रकार, सगळे. आज ऐंशीहून जास्त चित्रं आहेत आणि २०१६ साली अमेरिकन सरकारनं या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. ज्या जागेवर पोलीस ठाणं यायचं होतं, तिथे आता राष्ट्रीय वारशाचं संरक्षण आहे. मधल्या काळात भूकंपासाठी खांब मजबूत करायचं निघालं, तेव्हा चित्रं झाकली जातील म्हणून लोक पुन्हा उभे राहिले आणि चित्रं राखून काम करायला लावलं.

बाईंनी एकेक खांब ओळखीच्या माणसासारखा दाखवला. "हे सॅक्रामेंटोचे वेडे," त्या एका खांबापाशी हसत म्हणाल्या. त्या चित्रकारांच्या मंडळाचं नाव होतं रिबेल चिकानो आर्ट फ्रंट. (चिकानो म्हणजे इथले मेक्सिकन वंशाचे अमेरिकन; त्या शब्दाची गोष्ट पुढे.) इंग्रजी आद्याक्षरं पडली आर-सी-ए-एफ. लोकांना वाटायचं ही रॉयल कॅनेडियन एअर फोर्स. वैतागण्याऐवजी यांनी नावच बदलून रॉयल चिकानो एअर फोर्स करून टाकलं आणि वैमानिकांचे चष्मे लावून हिंडायला लागले. लढा म्हटला की आपल्याकडे चेहरा आधी गंभीर होतो. इथे विमान नसलेलं हवाईदल निघालं होतं.

पुढच्या खांबावर भंगारवाल्यांच्या विरोधातलं १९७७ चं चित्र, वस्ती हवी, योंके नकोत असं बजावणारं. शेजारच्या रस्त्यांवर भंगाराची आवारं खरंच होती, म्हणजे हे चित्र शोभेचं नव्हतं, ती नोटीस होती. चौथऱ्याचंही तसंच. अधिकाऱ्यांना तो स्पॅनिश धाटणीचा हवा होता. लोक म्हणाले, स्पॅनिश लोक नंतर आले, आम्ही त्याच्या आधीचे. म्हणून तो पायऱ्या-पायऱ्यांचा मेक्सिकन देवळासारखा झाला. या म्हणण्यात थोडं हवं तेवढंच आठवणं आहे, हे मला जाणवलं. त्यांच्या अंगात स्पेनचं रक्तही आहे, बोलतात तेही स्पॅनिशच. पण पूर्वज निवडताना कोण सगळे निवडतं? आपल्याकडेही कुळाच्या कागदपत्रांत सोयीचं तेवढंच सापडतं.

एका खांबावर तीन मोठे चेहरे होते: दिएगो रिवेरा, ओरोझ्को, सिकेरोस. मेक्सिकन क्रांतीनंतर सरकारी इमारतींच्या भिंती रंगवून ज्यांनी इतिहास रस्त्यावर आणला ते तिघे. चिकानो चित्रकारांचे गुरू. रिवेराचा जाड चेहरा पाहून मला एकदम आठवलं आणि मी बाईंना थांबवलं. म्हटलं, या माणसानं मेक्सिको सिटीत शिक्षणखात्याच्या इमारतीत जे चित्र काढलंय, पाव वाटणारं, त्यातला मधला माणूस माझ्या भाषेचा आहे.

त्यांना ही थट्टा वाटली. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे मग मी त्यांना सांगितले. इंग्रजांविरुद्धच्या गदर पक्षाच्या उठावात होते, इंग्रज मागे लागले, देशोदेशी फिरत १९२४ च्या सुमारास मेक्सिकोला पोहोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागले. मक्यावर आणि गव्हावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. रिवेरा त्यांचा मित्र. भाकरी वाटणारा म्हणून त्यानं त्यांनाच बसवलं. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि शेवटी नागपुरात राहिले. विदर्भातही आज कितीजणांना हे नाव ठाऊक असेल, हे मी बाईंना सांगितलं नाही.

"मक्यावर?" त्यांनी एवढंच विचारलं. कोपऱ्यावर एक माणूस ढकलगाडीवर कणसं विकत होता. त्यांनी मला ओढत नेलं आणि एक कणीस हातात दिलं. वर लिंबू आणि लाल तिखट. पावसाळ्यात आम्ही घाटात थांबून खातो तेच, फक्त यावर चीज भुरभुरलेलं. मका यांचा, मिरची यांची. आम्ही दोन्ही इतकी आपली करून टाकली की तिखटाशिवायचा महाराष्ट्र कल्पनेतही येत नाही.

कणीस खात कट्ट्यावर बसलो तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं. "हं. आता तुमचं लांबलचक."

म्हणून सांगितलं. माझ्या आजीनं लग्न होऊन आल्यापासून मरेपर्यंत बेळगावातल्या गणपत गल्लीतलं घर सोडलं नाही. आली तेव्हा ते घर मुंबई इलाख्यात होतं. मग मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि एका सकाळी घर म्हैसूर राज्यात गेलं. १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. चूल तीच, विहीर तीच, शेजारची कानडी मावशी तीच, तिच्याशी बोलणंही तसंच, अर्धं कानडीत अर्धं मराठीत. फक्त पत्राच्या पाकिटावरची शेवटची ओळ बदलत गेली. तेव्हापासून वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, तुरुंगवास झाले, खटला अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. आजी म्हणायची, मी कुठे गेले? तेच माझ्यावरून इकडून तिकडे गेले.

बाई एकदम ताठ बसल्या. आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आमच्यावरून गेली, हे वाक्य इथे मोर्च्यांतल्या फलकांवर असतं. गणपत गल्लीतल्या म्हातारीनं ते कुठूनही न ऐकता म्हटलं होतं.

त्यांची सीमा मात्र कागदानं नाही, युद्धानं आली. अमेरिकेनं मेक्सिकोवर युद्ध लादलं, राजधानीपर्यंत धडक मारली आणि २ फेब्रुवारी १८४८ ला ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला. मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपासचा मुलूख दीड कोटी डॉलरला गेला. कॅलिफोर्नियात २४ जानेवारीला, म्हणजे सहीच्या नऊ दिवस आधी, सोनं सापडलं होतं. सह्या करणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. तहात सीमा कशी आखायची तेही लिहिलंय. सॅन डिएगो बंदराच्या दक्षिण टोकापासून एक सागरी लीग, म्हणजे साडेपाच किलोमीटरभर, दक्षिणेला. एवढ्याच अंतरानं हे बंदर अमेरिकेत आलं. मागे राहिलेल्या मेक्सिकनांना वर्षभराची मुदत होती. त्यांनी काही सांगितलं नाही तर आपोआप अमेरिकन नागरिक. जमिनींच्या जुन्या सनदांना संरक्षण देणारं दहावं कलम मात्र अमेरिकन सिनेटनं मंजुरी देताना गाळून टाकलं. पुढच्या तीसेक वर्षांत वकिलांच्या फीमध्ये आणि खटल्यांमध्ये मोठमोठे रांचे, म्हणजे जमीनजुमले, विरघळले. आमच्या सीमाभागात जमिनी कुणाच्या गेल्या नाहीत, कुणी आम्हाला परदेशी म्हणून हाकललं नाही. ही तुलना मी ताणू इच्छित नाही. पण पाकिटावरच्या शेवटच्या ओळीचं दुःख त्यांना एका दमात कळलं, एवढं खरं.

'चिकानो' हा शब्द मी इथे येईपर्यंत एखाद्या खाद्यपदार्थाचा समजत होतो. तो 'मेहिकानो'पासून, म्हणजे मेक्सिकनच्या जुन्या उच्चारापासून झिजत आला, असं बहुतेक मानतात. साठच्या दशकापर्यंत तो खालच्या, अडाणी मजुराला हिणवायचा शब्द होता. "मी तो स्वतःला लावला तेव्हा आईनं थोबाडीत मारली होती," बाई म्हणाल्या. आईच्या पिढीला मेक्सिकन-अमेरिकन म्हणवून घ्यायचं होतं, नीटनेटकं, जोडरेघेसकट. पोरांच्या पिढीनं ती जोडरेघ नाकारली आणि शिवीच उचलून छातीवर लावली. १९६८ च्या मार्चमध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुलं वर्गाबाहेर पडली. आमचा इतिहास शिकवा, स्पॅनिश बोलल्याबद्दल मारू नका, आम्हाला फक्त सुतारकाम आणि शिवणकामाकडे ढकलू नका. १९६९ साली डेन्व्हरच्या मेळाव्यात त्यांनी आस्तलानचं नाव घेतलं, आस्तेकांच्या दंतकथेतली मूळ भूमी, जी याच गमावलेल्या प्रदेशात होती असा त्यांचा विश्वास. २९ ऑगस्ट १९७० ला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वीसेक हजारांचा मोर्चा निघाला, पोलिसांनी तो उधळला आणि पत्रकार रुबेन सालाझार एका बारमध्ये बसलेला असताना पोलिसांनी सोडलेल्या अश्रुधुराच्या गोळ्यानं मेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत चिकानो म्हणजे कोण, हे सगळ्यात स्पष्ट शब्दांत त्यानंच वर्तमानपत्रात लिहिलं होतं.

एका खांबावर तपकिरी टोप्या घातलेली पोरं आहेत. ही ब्राउन बेरेट्स संघटना ऑकलंडच्या ब्लॅक पँथरचं बघून उभी राहिली. १९७२ साली मुंबईत दलित पँथरनंही ब्लॅक पँथरवरूनच नाव घेतलं. ऑकलंडच्या त्या काळ्या पोरांना आपली पिल्लं कुठेकुठे निघाली याची कल्पना होती की नाही, कोण जाणे.

"आणि भाषा?" मी विचारलं. तिथे बाई हळव्या झाल्या. शाळेत स्पॅनिश बोललं की छडी, म्हणून त्यांच्या मोठ्या भावानं घरीही इंग्रजीच धरली. सीमेपलीकडे टिहुआनाला आत्याकडे गेलं की तिथली भावंडं 'पोचो' म्हणून चिडवायची. पोचो म्हणजे डागाळलेलं फळ, धड इकडचं ना तिकडचं. इकडे उच्चारावरून हसायचे, तिकडेही उच्चारावरूनच. मला पुण्यातलं माझं पहिलं वर्ष आठवलं. माझ्या 'की' लावून बोलण्यावर खोलीतली मुलं लोळायची. धारवाडला गेलो तर माझ्या कानडीवर. मी ती 'की' मोठ्या कष्टानं घालवली. त्यांनी आपली खिचडी भाषा भिंतींवर नेऊन लिहिली.

बाईंच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी लेमन ग्रोव्हला गेलो. ट्रॉलीच्या स्थानकाशेजारी एक राक्षसी लिंबू ठेवलंय, छोट्या मोटारीएवढं, १९२८ साली मिरवणुकीसाठी केलेलं. लोक त्याच्यापुढे फोटो काढत होते. मीही काढला. पण इथे यायचं कारण दुसरं. ५ जानेवारी १९३१ ला सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापक दारात उभे राहिले. गोऱ्या मुलांना आत घेतलं आणि पंच्याहत्तर मेक्सिकन मुलांना रेल्वेच्या पलीकडे नव्या शाळेकडे वळवलं. ती दोन खोल्यांची इमारत. आईबाप तिला 'ला काबायेरिसा' म्हणायचे, तबेला. बहुतेक मुलं अमेरिकेत जन्मलेली होती. आईबापांनी मुलं घरी ठेवली, शेजाऱ्यांची समिती केली, मेक्सिकन वकिलातीची मदत घेतली आणि रॉबेर्तो आल्वारेझ या शाळकरी पोराच्या नावानं खटला भरला. हे सगळं कोणत्या काळात, तर महामंदीत, लाखो मेक्सिकनांना, त्यांत कितीतरी जन्मानं अमेरिकन, गाड्यांत घालून सीमेपार पाठवलं जात होतं तेव्हा. लिंबाच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी कोर्टात जाणं म्हणजे उद्याची भाकरी पणाला लावणं होतं.

ते जिंकले. अमेरिकेत शाळेतल्या वेगळेपणाविरुद्ध जिंकलेल्या सुरुवातीच्या खटल्यांत हा गणला जातो, शाळांतला वर्णभेद देशभर बेकायदा ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या तेवीस वर्षं आधीचा. पण निकाल वाचताना ठेच लागते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तेव्हा मूळ अमेरिकन आणि चिनी-जपानी मुलांना वेगळं बसवायची सोय होती. मेक्सिकन लोक कायद्यानं गोरे धरले जात, म्हणून त्यांना वेगळं बसवता येत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. दार उघडलं ते फक्त यांच्यासाठी आणि तेही गोरे म्हणून. चाळीस वर्षांनी यांच्याच नातवंडांनी गोरेपणाचं ते प्रमाणपत्र परत केलं, तपकिरी टोपी घातली आणि स्वतःला चिकानो म्हटलं. बाईंच्या आईनं मारलेल्या थोबाडीत तो जुना निकालही होता, असं मला परतीच्या गाडीत वाटत राहिलं.

रविवारी पुतण्याला ओढून नेलं. नशिबानं त्या दुपारी गाड्या आल्या होत्या. लोरायडर म्हणतात त्यांना. पन्नास-साठच्या दशकातल्या लांबलचक शेव्हर्ले, आरशासारख्या चमकवलेल्या, जांभळ्या, सोनेरी, गुलाबी, बॉनेटवर ग्वादालूपेची देवी. रस्त्याला पोट टेकवून इतक्या सावकाश चालल्या होत्या की शेजारून एक बाई बाबागाडी ढकलत पुढे गेली. पुतण्या इंजिनिअर, तो पहिल्यांदाच वाकून बघायला लागला. कॅलिफोर्नियानं १९५८ साली कायदा केला होता, गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. मग सॅन बर्नार्डिनोच्या रॉन आगिर्रे नावाच्या पोरानं विमानांसाठी वापरतात तसले हायड्रॉलिक पंप गाडीला लावले. पोलीस दिसला की कळ दाबायची, गाडी वर. गेला की पुन्हा खाली. त्यांच्या सावकाश फिरण्यावरही गावोगाव बंदी होती. ती राज्यानं कायदा करून उठवली २०२४ पासून. एका म्हाताऱ्यानं पुतण्याला कळ दाबायला दिली. समोरचा भाग टुणकन वर उडाला आणि माझा हा गंभीर पुतण्या लहान पोरासारखा खिदळला.

"काका, वरून हे काहीच दिसत नाही हो," तो म्हणाला.

बाई झाडांपाशी होत्या. जाताना त्यांनी पिशवीतून वही काढली. आलेल्या माणसांचे पत्ते त्या वहीत लिहून घेतात, प्रत्येकाच्या लिपीत. "तुमचा नको," त्या म्हणाल्या. "आजीचा द्या."

मी देवनागरीत आजीचं नाव लिहिलं. खाली गणपत गल्ली. त्याखाली बेळगाव. मग पेन तिथेच थांबलं. बाई बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. मी वही तशीच परत दिली.

"एवढ्यावर पत्र पोचायचं?" त्यांनी विचारलं.

"पोचायचं," मी म्हणालो. "पोस्टमन गल्लीतलाच होता."